इटालियन ग्रेहाउंड: काही महिने सोबत राहिल्यावर

इटालियन ग्रेहाउंड घ्यावासा वाटणारे बहुतेक जण फोटोवर भाळलेले असतात. नाजूक चण, लांब मान, पाणीदार डोळे. आमची चिंगी घरात येऊन आता बरेच महिने झालेत, म्हणून स्पष्टच सांगते: शोभेचा कुत्रा म्हणून आणणार असाल तर नका आणू. हा अस्सल शिकारी कुत्रा आहे, फक्त मांडीवर मावतो.

एफसीआय या श्वानसंघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मानकात याची खांद्याजवळची उंची ३२ ते ३८ सेंटीमीटर आणि वजन जास्तीत जास्त ५ किलो दिलंय. एफसीआय त्याला साइटहाउंडच्या, म्हणजे नजरेने शिकार हेरून पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांच्या गटात, सालुकी-ग्रेहाउंडच्या पंगतीत बसवते. अमेरिकन केनेल क्लब मात्र टॉय गटात, म्हणजे छोट्या, मांडीवरच्या कुत्र्यांत टाकतो. चिंगीला बघून मी एफसीआयच्या बाजूने आहे. लांबवर काहीतरी हललं की आधी कान उभे राहतात, मग सगळं अंग ताठ होतं आणि त्यानंतर कितीही हाका मारा, तिला ऐकू येत नाही. भरधाव पळताना एका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात: एकदा अंग आखडून, एकदा ताणून. बघायला भारी वाटतं, पण मागे पळून तिला पकडणं विसरा. कुंपण असलेल्या जागेबाहेर लीश काढायची नाही, मग ती घरात कितीही शहाण्यासारखी वागत असो. साधा पट्टाही चालत नाही. डोकं एवढं निमुळतं असतं की चार पावलं मागे सरकली की पट्टा कानांवरून सुटून हातात येतो. आम्ही रुंद कापडी मार्टिंगेल कॉलर वापरतो. ओढ बसली की ती ठरावीक मापापर्यंतच आवळते.

खरी काळजी पुढच्या पायांची. रेडियस आणि अल्ना ही दोन हाडं बारीक आणि लांब, त्यात पिल्लाला भीती माहीत नाही. पहिल्या वर्षभरात साध्या सोफ्यावरून मारलेली उडीसुद्धा हाड मोडायला पुरते. मनगटाच्या वरच्या भागात स्नायूंचं आवरण जवळजवळ नसतं आणि छोट्या जातींत तिथला रक्तपुरवठाही कमी, त्यामुळे मोडलेलं हाड जुळायला त्रास देतं. आमच्याकडे सोफ्याला फोमच्या पायऱ्या आहेत, गुळगुळीत फरशीवर सतरंज्या आहेत आणि तिला उचलून घेणारा माणूस आधी खाली बसतो. चिंगी मात्र पायऱ्यांनी चढते आणि उतरताना सोफ्याच्या पाठीवर उभी राहून आपण बघतोय ना, याची खात्री करून घेते. तिचं आवडतं ठिकाण तेच. खाली गालिचा आहे म्हणून माझा जीव थाऱ्यावर आहे.

दुसरं काम दातांचं, आणि ते रोजचं. या जातीत हिरड्यांचे आजार लवकर सुरू होतात, कोवळ्या वयात दात काढायची वेळ येते. ओठ वर करायचा, बोटावरच्या ब्रशने वरच्या मागच्या दाढा बाहेरून घासायच्या. किटण तिथेच जास्त साचतं. पेस्ट कुत्र्यांचीच हवी, माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असतो आणि तो कुत्र्यांना विषारी आहे. दातांचं एनॅमल कच्चं राहण्याचा एक आनुवंशिक दोषही या जातीत आहे. त्याची डीएनए चाचणी होते, तेव्हा पिल्लू घेताना आई-बापाचे रिपोर्ट मागा. देणारा टाळाटाळ करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

केसांची निगा? ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पण अंगावर चरबी नाही, केस आखूड, त्यामुळे थंडी लगेच वाजते. जरा गारवा आला की स्वेटर लागतो. पाऊस असेल तर शू करायला बाहेर जायलाच ती नकार देते. शी-शूची शिस्त लागायला या जातीत फार वेळ जातो. दोन दिवस सगळं सुरळीत, तिसऱ्या दिवशी पायपुसण्यावर तळं.

स्वभाव चिकट, म्हणजे अक्षरशः अंगाला चिकटून राहणारा. पांघरुणाखाली शिरून झोपते, त्यामुळे आमच्याकडे कुणीही चाचपल्याशिवाय पलंगावर बसत नाही. आवाज चढवला की दिवसभर तोंड फिरवते. खाऊ दिला आणि गोड बोललं की तेच काम पटकन होतं. दिवसभर घर बंद ठेवून जाणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

लाड करून घ्यायची सवय मात्र पिढीजात आहे. रेनेसाँसच्या काळात इटलीतल्या दरबारांत हे कुत्रे पाळले जात. पॉल व्हान सोमरने १६१७ मध्ये रंगवलेल्या चित्रात इंग्लंडचा राजा जेम्स पहिला याची राणी, डेन्मार्कची अ‍ॅन, हिच्या पायाशी हेच घुटमळताना दिसतात. प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याने तर आपल्याला पॉट्सडॅमच्या सांसुसी राजवाड्यात कुत्र्यांशेजारी पुरावं असं लिहून ठेवलं होतं. १७८६ मध्ये तो गेला, पण ती इच्छा पुरी व्हायला १९९१ उजाडलं. राजकारणी माणसाला कुत्री जवळची वाटली, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

डॉक्टरांकडे नेताना, विशेषतः भूल द्यायची असेल तेव्हा, हा साइटहाउंड आहे हे आधी सांगा. चरबी कमी असल्याने काही औषधांचा, खासकरून भुलीच्या जुन्या बार्बिट्युरेट औषधांचा, अंमल लांबतो. रक्ततपासणीत थायरॉइडचा टी-४ हा हार्मोनसुद्धा साइटहाउंडमध्ये मुळातच कमी येऊ शकतो, तेव्हा एका रिपोर्टवरून गोळ्या सुरू करू नका. आणि घरात दुडुदुडू धावणारं लहान मूल असेल तर अजून काही वर्षं थांबा. चावेल म्हणून नाही, मूल तिच्यावर पडेल म्हणून.