१-१-१, १-०-१ की १-०-०? अँटिबायोटिक दिवसातून किती वेळा

चिठ्ठीवर औषधापुढे १-१-१ दिसलं की नजर त्या मधल्या एकावर अडते. सकाळची गोळी घरात घेतली जाते, रात्रीचीही. दुपारची मात्र डब्याच्या पिशवीतून ऑफिसला जाते आणि संध्याकाळी तशीच घरी परत येते. मग कुणीतरी सांगितलेलं आठवतं, 'मला दिवसातून एकच होती, तीन दिवसांत मोकळा झालो,' आणि डॉक्टरांकडे तीच गोळी मागावीशी वाटते. मागण्याआधी दोन्हींतला फरक बघून घ्या.

तीन वेळांचं नेहमीचं औषध म्हणजे अ‍ॅमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ. मूत्रपिंडं ते भराभर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे साधारण दर तासाला त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं एका दणक्यात काम उरकत नाहीत. जंतूला रोखण्याइतकं औषध रक्तात किती तास टिकलं, यावर त्यांचा सगळा खेळ, म्हणून दर आठ तासांनी. सकाळी आठचा नाश्ता, एकचं जेवण आणि नऊचं जेवण अशा वेळा धरल्या तर दिवसा पाच तासांत दोन गोळ्या पडतात आणि रात्री अकरा तास कोरडे जातात. सहा-दोन-दहा जमलं तर उत्तम, सात-दोन-दहाही चालेल. या गोळीला जेवणाची अट नाही, तेव्हा ताटापेक्षा घड्याळ बघा.

दोन वेळांमध्ये बहुतेकांना भेटते ती अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडची जोडगोळी. काही जंतू अ‍ॅमॉक्सिसिलिन निकामी करतात, त्यांचा तो डाव हे अ‍ॅसिड हाणून पाडतं. पाकिटावरच्या आकड्यांनी इथे हमखास गोंधळ होतो. ६२५ म्हणजे ५०० अधिक १२५, आणि १००० म्हणजे ८७५ अधिक १२५. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दोन्हींत तेवढंच. त्यामुळे '१००० च्या एकीऐवजी ६२५ च्या दोन घेतल्या की काम भागलं' हा हिशेब चुकतो, त्यात क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट जातं आणि जुलाब मागे लागू शकतात. ही गोळी जेवणाच्या पहिल्या घासासोबत घ्यावी, पोटाला त्रास कमी होतो. पण निव्वळ दुपारचा डोस टाळायला ही जोडगोळी मागू नका. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू साध्या पेनिसिलिनला अजूनही दबतो, तिथे क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं कामच नाही.

आता ती लाडकी एक वेळची गोळी, अ‍ॅझिथ्रोमायसिन. रक्तात तिचं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे ६८ तास लागतात, शिवाय ती पेशींमध्ये साठून राहते. म्हणून ५०० मिग्रॅची रोज एक गोळी तीन दिवस घेतली, तरी तिचं काम पुढे काही दिवस चालू राहतं. सोय आहे, नाही कशाला म्हणा. पण याच चिवटपणाची एक वाईट बाजू आहे. संपत आलेलं औषध कितीतरी दिवस अगदी थोड्या प्रमाणात अंगात रेंगाळतं आणि न मेलेल्या जंतूंना त्याच्याशी झुंजायची सवय होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अ‍ॅमॉक्सिसिलिन पहिल्यांदा वापरायच्या गटात आहे, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरायच्या. ज्यांना हृदयाच्या ठोक्यांचा त्रास आहे, त्यांनी तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर गोष्ट निराळी.

माझा कौल असा: वेळा कमी करून हव्या असतील तर औषध बदलून मागू नका, त्याच औषधाची मात्रा बदलून मिळते का ते विचारा. स्ट्रेप्टोकॉकसने घसा धरलेल्या मुलांना अ‍ॅमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा, एवढंच नव्हे तर एकदाच, असं दहा दिवस देता येतं. २०१२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत दोन्ही पर्याय आहेत. फक्त मात्रा मुलाच्या वजनावर ठरते, तेव्हा हे गणित डॉक्टरांनीच करायचं. शाळेत बाईंच्या हाती सिरपची बाटली सोपवण्यापेक्षा हे किती बरं! (आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे एकही गोळी नको, हा सगळ्यांत स्वस्त पर्याय.)

लघवीच्या जळजळीचा हिशेब वेगळा. नायट्रोफ्युरॅन्टॉइनची हळू विरघळणारी १०० मिग्रॅची गोळी सकाळ-संध्याकाळ खाण्यासोबत, साधारण पाच दिवस. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी मात्र पाण्यात ढवळून एकदाच. डॉक्सिसायक्लिन हे आणखी एक अँटिबायोटिक सहसा १-०-१ असतं. ते पेलाभर पाण्यासोबत बसून घ्यायचं आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

दुपारचा डोस चुकलाच तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. रात्री दोन एकदम घेऊ नका.