महात्मा फुले जन आरोग्य योजना – ५ पैकी ४ स्टार

मामाची बायपास या योजनेत झाली, एका खासगी हॉस्पिटलात, आणि ऑपरेशनचं बिल शून्य. रेशनकार्ड, आधार दिलं, आरोग्यमित्राने (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा मदतनीस) कागद ऑनलाइन टाकले, मंजुरी आली. मामी दागिने मोडायला निघाली होती हो, त्यामुळे आधी मनापासून आभार.

लोक याला फुकट म्हणतात ते मला पटत नाही. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हापासून पैसा टॅक्सचाच आहे, आता जोडलेल्या आयुष्मान भारतमध्ये केंद्र ६० टक्के राज्य ४० टक्के, शिवाय इन्कमटॅक्सवर ४ टक्के हेल्थ-एज्युकेशन सेस आपण भरतोच, आणि असंच पाहिजे, कारण आजारी पडल्यावर पैसे मागण्यापेक्षा धडधाकट असताना सगळ्यांनी मिळून भरलेले बरे. थायलंडने २००२ मध्ये ३० बाथची आरोग्य योजना (बाथ म्हणजे तिथलं चलन, दर भेटीला एवढीच फी) टॅक्सवरच उभी केली, त्यात साधी ओपीडीपण येते.

आपल्याकडे तिथेच अडतं. अ‍ॅडमिट झालात तर कव्हर, पण मामाच्या बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या खिशातूनच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू असं लिहिलंय, तेवढा पैसा खरंच आला तर आधी सरकारी दवाखान्यातल्या औषधांवर घाला. एक स्टार यासाठीच कापला.

जायच्या आधी हॉस्पिटल यादीत आहे का आणि तुमचा आजार तिथे कव्हर होतो का, दोन्ही विचारून घ्या.