किडनी सांभाळू की पाय? आईच्या प्रोटीनचा हिशोब: ०.६, ०.८ की १.२

आई ७४ ची, वजन ५० किलो, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) ३४, म्हणजे किडनीच्या आजाराची स्टेज ३बी. रिपोर्ट आला त्या आठवड्यात शेजारच्या काकू सांगून गेल्या डाळ बंद करा, आणि जिमवाला भाचा म्हणाला मावशीला व्हे (प्रोटीन पावडर) सुरू कर, पाय बघ किती बारीक झालेत. दोघंही प्रेमानेच बोलले, पण मी मधल्यामधे अडकले. मग वाचून, डॉक्टरांना विचारून, वहीत मांडलं ते इथे टाकतेय, कुणाच्या घरी हाच घोळ चालू असेल तर.

०.६ (दर किलो वजनामागे, रोज). आईसाठी ३० ग्रॅम. युरिया (प्रोटीनमधून तयार होणारा कचरा) कमी होतो, फॉस्फरस आणि ॲसिडही कमी तयार होतं, ते खरंय. पण किडनी त्याने किती वाचते? अमेरिकेतल्या मोठ्या एमडीआरडी ट्रायलचा निकाल १९९४ ला आला, त्यात घसरण नक्की मंदावली असं ठामपणे दाखवता आलं नाही, आणि त्यात सत्तरीपुढची माणसं घेतलीच नव्हती! शिवाय ह्या डाएटला कॅलरीज पोटभर लागतात, नाहीतर शरीर स्वतःचाच स्नायू जाळतं, आणि आईची भूक म्हणजे चिमणीची. ह्याहून कमी, ०.३-०.४ वर जायचं तर कीटोॲनालॉगच्या (प्रोटीनची तूट भरून काढणाऱ्या) गोळ्या, साधारण पाच किलोला एक, म्हणजे दिवसाला दहा. आधीच बीपीच्या, शुगरच्या गोळ्या, त्यात ह्या, नको बाई.

०.८. आईसाठी ४० ग्रॅम. केडिगो ह्या किडनीवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ ची गाइडलाइन स्टेज ३ ते ५ ला (डायलिसिस नसताना) हाच आकडा देते. आणि तिथेच हेही म्हटलंय की म्हातारी माणसं अशक्त असतील, स्नायू झिजलेले असतील तर प्रोटीन आणि कॅलरीज जास्त ठेवायचा विचार करा. काकूंना हे वाक्य कुणी सांगितलेलं नसणार.

१.२. आईसाठी ६० ग्रॅम. धडधाकट म्हाताऱ्यांना १ ते १.२ सांगतात, भाचा अगदीच चूक नाही. पण किडनी बिघडत चाललेली असताना १.३ च्या वर जाऊ नका असं तीच गाइडलाइन सांगते, आणि घरचं जेवण अधिक व्हेचा एक स्कूप (२४-२५ ग्रॅम) असं मोजमाप न करता चालू केलं तर तिथे पोचायला वेळ लागत नाही. डायलिसिस सुरू झालं की मात्र गणित उलटतं, मशीनमधून अमिनो ॲसिड वाहून जातात म्हणून १ ते १.२ लागतंच. तरी लोक जुनं पथ्यच चालू ठेवतात आणि पेशंट सुकत जातो.

आता गंमत. हे सगळं वाचल्यावर मी आईचं ताट मोजलं: तीन पातळ पोळ्या ९, वाटीभर भात ३, पातळ आमटी ४, चहातलं दूध ४, ताक २, भाजी २. चोवीस! म्हणजे आम्ही भांडत होतो ३० की ६० वर आणि बाई ०.५ च्याही खाली जगतेय. काकूंचं ऐकलं असतं तर आमटीही गेली असती.

म्हणून आम्ही ०.८ घेतलं. आमटी घट्ट केली, रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग (सात ग्रॅम, फॉस्फरस अगदी कमी), दुपारी वाटीभर दही. आईचं पोटॅशियम नॉर्मल आहे म्हणून डाळीला हात लावला नाही, वाढलेलं असतं तर डाळ भिजवून पाणी फेकायला लागलं असतं. पॅकेटमधल्या फरसाण-सॉसेजपेक्षा डाळीतलं फॉस्फरस कमी शोषलं जातं, हे मला माहीतच नव्हतं.

दोन गोष्टी डॉक्टरांना मुद्दाम विचारा. एक, रक्तातलं बायकार्ब (बायकार्बोनेट). ते कमी असेल तर रक्त आंबट होतं आणि कितीही खाल्लं तरी स्नायू झिजतो. दोन, क्रिएटिनिन (ज्यावरून ईजीएफआर काढतात) स्नायूतूनच येतं, त्यामुळे सुकलेल्या माणसाचं ते चांगलं दिसू शकतं, शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी करून घ्या.

आणि व्यायाम, तो नसेल तर नुसतं खाऊन पाय भरत नाहीत. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस, स्नायू झिजण्याच्या आशियाई निकषात १२ सेकंद किंवा जास्त लागले तर गडबड. आईला १९ लागले होते. आता रोज संध्याकाळी सिरीयलच्या जाहिरातीत करते, परवा १५ वर आली, आणि काकूंनाही उठवून बसवलं, त्यांना १७.