घरातली दुसरी गाडी: अल्टो के१० का टियागो ईव्ही?
बेळगावात वडगाव ते उद्यमबाग रोज जाऊन-येऊन १२ किलोमीटर, तेवढ्याला एक छोटी गाडी बघायचीय. अल्टो के१० चं ९९८ सीसीचं इंजिन, कुठलाही मेकॅनिक हात घालतोय, कागदावर मायलेज २४ च्या वर, पण बघा की, पाच-सहा किलोमीटरात इंजिन धड तापतच नाही, त्यात रेल्वे गेट पडलं की पहिला-दुसरा गिअर आणि क्लच, मग १५-१६ मिळालं तरी खूप, म्हणजे किलोमीटरला साडेसहा रुपये गेलेच. टियागो ईव्ही म्हणजे विजेवरची गाडी, तिची लहान बॅटरी १९.२ किलोवॉट-तासाची, रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटला लावली की सकाळी फुल्ल, प्रत्यक्षात दीडशे किलोमीटर धरा, युनिट ८ रुपयांनी धरलं तरी किलोमीटरला सव्वा रुपयाच्या आत. चालवायला तर ईव्हीच भारी, गिअरच नाही.

पण हिशोब मांडला तर माझ्या १२ किलोमीटरात वर्षाला १८-२० हजारच वाचतात आणि किमतीतला फरक लाखांत, म्हणून मी अल्टोच घेणार. खानापूरहून रोज अप-डाउन करणाऱ्यांचं वेगळं, पन्नासेक किलोमीटर होतात, त्यांनी ईव्हीच घ्यावी, फक्त घरात पार्किंग पाहिजे. शहापूरच्या बोळात गाडी लावून पावसात वायर कुठनं ओढणार?