बोअरला केसिंग: लोखंडी की पीव्हीसी?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरातली (सुपारी-नारळाच्या बागेतली) बोअर 9 पावसाळे चालली आणि दहाव्या वर्षी पंप अडकला. कॅमेरा सोडला तेव्हा 18 मीटरवर लोखंडी केसिंग, म्हणजे बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून घातलेला पाइप, चेपून आत आलेले दिसले. फटीतून शेडी, म्हणजे जांभ्याखालची मऊ चिकणमाती, ठिबकत होती. तेव्हापासून कुणी सल्ला विचारला की मी आधी जमीन कशी आहे ते विचारतो, पाइपाचा भाव नंतर.

गोव्यात बऱ्याच ठिकाणी वर जांभा, खाली शेडी, मग खडक. केसिंगने थोपवायची ती ही शेडी. पावसात भिजली की ती सरकते. उन्हाळ्यात पंपाने आतले पाणी खाली ओढले आणि बाहेर 20 मीटर पाणी उभे राहिले, तर पाइपाच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे 2 किलोचा भार येतो.

नवे पोलाद हा भार सहज पेलते. कडकपणात ते पीव्हीसीच्या साठ-सत्तर पट आहे. पण चेपण्याला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाने घटते: 5 मिमीचा पाइप गंजून 4 मिमी उरला की ताकद जवळजवळ निम्मी. आणि आपल्या जांभ्यातले पाणी बहुधा किंचित आम्लधर्मी. पाणी दरवर्षी वर-खाली होते त्या पट्ट्यात गंज सर्वांत जोरात लागतो. आमचा पाइप नेमका तिथेच गेला. तेलविहिरींतही पोलादी केसिंग गंजून, चेपून किंवा जोडातून जाते. पण तिथे पाइपाभोवती सिमेंट भरतात. आपल्याकडे पाइप आणि भोकाच्या भिंतीमधली ती पोकळी अनेकदा तशीच सोडली जाते, आणि वेल्डिंग केलेल्या जोडावरचा रंग जळतो तो वेगळाच.

पीव्हीसी गंजत नाही. मोरजी, केरीसारख्या खाऱ्या किनारपट्टीवर किंवा खाडीकाठी मी दुसरे काही सुचवणारच नाही. त्याची खोट म्हणजे ताकदीत हात राखून फारसे काही नसते. आयएस 12818 या भारतीय मानकाप्रमाणे सीएस (उथळ बोअरचा) पाइप 80 मीटर खोलीपर्यंत, सीएम (मध्यम खोलीचा, जास्त जाड) 250 मीटरपर्यंत. केसिंग 25 मीटरच लागणार असले तरी शेडीत सीएमच घ्या. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. पाइप उन्हात महिनोन्महिने पडलेले नसावेत.

शेडी फार खोल असेल किंवा मोठाले धोंडे लागत असतील, तर मात्र आयएस 4270 चे जाड लोखंडी केसिंगच बरे. बोअर मारण्याआधी जलस्रोत खात्याची परवानगी लागते. 2002 चा भूजल कायदा आहे.

यंदा आम्ही सीएम घातले. शेवटचा पाइप कठीण खडकात बसेपर्यंत मी रिगपाशी उभा होतो. भोवतालची पोकळी सिमेंटने भरली, तीही टप्प्याटप्प्याने, कारण सिमेंट घट्ट होताना तापते आणि त्या उष्णतेने पीव्हीसी मऊ पडते. घाई करणाऱ्या माणसांना दोन दिवस थांबवून ठेवावे लागले.