कानावरचे की कानातले? नॉइज कॅन्सलिंग घेण्याआधी

बाहेरचा गोंगाट कमी करणारं नॉइज कॅन्सलिंग घ्यायचं नक्की झालं की पुढचा पेच पडतो तो आकाराचा. कान अख्खा झाकणारे मोठे हेडफोन घ्यावेत, की कानात बसणारे इअरबड्स? दोन मिनिटं लावून पाहिले तर दोन्ही छानच वाटतात. खरा फरक तीन-चार तासांनी कळायला लागतो.

त्याआधी अपेक्षा जरा जागेवर आणू. या तंत्राने सगळं जग चिडीचूप होत नाही. माइक बाहेरचा आवाज टिपतो, चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करते आणि दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे. पाउल लुएग या जर्मन संशोधकाला १९३६ मध्येच तिचं अमेरिकी पेटंट मिळालं होतं. पण बोस या ऑडिओ कंपनीने १९८९ मध्ये असा हेडसेट बाजारात आणला तो वैमानिकांसाठी, आणि आजही हे तंत्र सगळ्यात चांगलं चालतं ते इंजिनाची घरघर, एसी, पंखा अशा खालच्या पट्टीतल्या एकसुरी आवाजांवर. साधारण १००० हर्ट्झच्या वर त्याचा जोर ओसरतो. बाळाचं रडणं, भांड्यांचा खणखणाट, शेजारच्या टेबलावरच्या गप्पा यांना अडवतं ते मुख्यतः कानाभोवतीचं किंवा कानातलं घट्ट सील.

म्हणून माझ्या मते निवडीचा पहिला निकष ब्रँड नव्हे, तुमचा कान. आणि तुमचा चष्मा! मोठ्या हेडफोनची गादी कानाभोवती सगळीकडून टेकावी लागते. चष्म्याची दांडी जिथे गादीखालून जाते तिथे बारीक फट राहते आणि घरघर तिथूनच आत शिरते. पंखा चालू ठेवून हेडफोन लावा, नॉइज कॅन्सलिंग सुरू करा आणि दांडीवरची गादी बोटाने हलकेच दाबून बघा. आवाज लगेच कमी झाला तर ती जोडी आणि तो चष्मा यांचं जमणार नाही. जाड दांडीवाल्यांना शिवाय दोन तासांत कानशिलं ठणकायला लागतात ते वेगळंच.

इअरबड्सना चष्म्याचं काही नाही, पण त्यांचं सगळं गणित सिलिकॉनच्या टोप्यांवर असतं. डब्यात दोन-तीन मापं येतात आणि बहुतेक लोक आधीपासून लावलेलंच माप वापरत राहतात. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, हे लक्षात ठेवा. बास, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, पोकळ वाटला तर आधी टोपी बदलून बघा. काहींना कानात काही खुपसलेलं सहनच होत नाही. त्यांनी उगाच हट्ट करू नये. काहींना नॉइज कॅन्सलिंग चालू करताच कानात दडे बसल्यासारखं होतं. तो त्रास दोन्ही प्रकारांत होऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर परत करायची सोय बघूनच घ्या.

दिवसभर बैठं काम असेल तर बॅटरीत मोठे हेडफोन सरळ जिंकतात. एकाच कंपनीची उदाहरणं घेऊ. सोनीच्या डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ ला कंपनी नॉइज कॅन्सलिंगसह ३० तास सांगते, तर डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ या इअरबड्सना ८ तास, मग डबीत ठेवून चार्ज. पण वजन बघा: हेडफोन सुमारे २५० ग्रॅम, इअरबड एकेक जेमतेम ६ ग्रॅम. उकाड्यात गादीखाली कान घामाने चिंब होतात. व्यायामाला, चालायला, कुशीवर आडवं होऊन ऐकायला मोठे हेडफोन जवळजवळ निरुपयोगी.

कॉलचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. डब्यावर ‘ईएनसी’ लिहिलेलं दिसलं तर फसू नका. ते तुमच्या माइकसाठी असतं; समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून. तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं ते ‘एएनसी’. स्वस्त इअरबड्सवर पहिलं ठळक छापलेलं असतं आणि दुसरं नसतंच. शिवाय कान बुजले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. इअरबड्समध्ये हे जास्त जाणवतं, म्हणून बोलताना बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड चालू करावा. आणखी एक: ब्लूटूथचा माइक चालू झाला की बऱ्याच लॅपटॉपवर ऐकण्याचा दर्जा खाडकन उतरतो. हेडफोन बिघडलेला नसतो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, बहुतेक वेळा काम होतं. फोन आणि लॅपटॉप दोन्हींना एकदम जोडता येणारं मल्टिपॉइंट मात्र दोन्ही प्रकारांत हवंच. त्याशिवाय रोजचा वैताग आहे.

आवाजाच्या दर्जावर लोक तासन्‌तास वाद घालतात. रोजच्या वापरात, गोंगाटात ऐकताना, तो फरक फारसा कळत नाही. सोडून द्या.

टिकाऊपणा मात्र सोडू नका. इअरबडमधली बॅटरी इवलीशी, रोज चार्ज होणारी आणि बहुतेक मॉडेलांत न बदलता येणारी. दोनेक वर्षांनी वेळ घटायला लागतो. एखादा इअरबड हरवला तर जोडीचा दुसरा शोधा. मोठ्या हेडफोनच्या गाद्यांचं कृत्रिम कातडं सोलवटतं, पण गाद्या बऱ्याचदा नव्या मिळतात, आणि अनेक मॉडेलं बॅटरी संपल्यावरही वायरवर चालतात. चार-पाच वर्षांच्या हिशोबाने खर्च करत असाल तर मोठ्या हेडफोनचं पारडं जड आहे.

टेबलाशी बसून काम आणि लांबचे प्रवास असतील तर मी डोळे झाकून मोठे हेडफोन सुचवेन. जाड दांडीचा चष्मा, सतत फिरतं काम किंवा व्यायाम असेल तर इअरबड्स. रस्त्यावरून चालताना दोन्हींपैकी काहीही असो, नॉइज कॅन्सलिंग बंद ठेवा, मागून येणारी गाडी ऐकू यायला हवी.