बायपास टॅप: डबा दणकट, पण हार्टबीट डिफॉल्टवर सोडू नका

आयपीएस (नेटवर्कवरचे हल्ले ओळखून अडवणारं यंत्र) इनलाइन, म्हणजे ट्रॅफिकच्या वाटेतच, बसवला की तो कधीतरी लटकणार आणि अख्खं ऑफिस ऑफलाइन जाणार, हे ठरलेलं. म्हणून मध्ये हा कॉपर गिगाबिटचा बायपास टॅप टाकलाय, ब्रँड सांगत नाही कारण खाली तक्रारपण आहे. डबा एका मॉनिटर पोर्टातून हार्टबीट पॅकेट सोडतो, ते आयपीएसमधून फिरून दुसऱ्या पोर्टला आलं तर ठीक, लागोपाठ चुकली की आयपीएसला वगळून ट्रॅफिक सरळ पुढे.

हार्डवेअरला तोड नाही. दोन्ही पॉवर काढल्या की रिले (विजेवर चालणारा स्विच) खट्कन पडतो आणि दोन्हीकडचे पोर्ट थेट जोडले जातात, पण लिंक नव्याने निगोशिएट होते त्यात एक-दोन सेकंद जातातच, आणि स्विचवर पोर्टफास्ट (पोर्ट न थांबता लगेच चालू करणारी सेटिंग) लावलेलं नसेल तर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारा प्रोटोकॉल) आणखी 30 सेकंद खातं, तोवर फोन घेत बसा.

आता सेटिंग. डिफॉल्टला दर 1000 मिलिसेकंदांनी एक हार्टबीट आणि तीन मिस (लागोपाठ चुकलेली हार्टबीट), म्हणजे आयपीएस गेला की तीनेक सेकंद सगळं ठप्प. 100 वर आणलं तर सिग्नेचर (हल्ले ओळखायच्या खुणा) अपडेट सुरू झालं रे झालं की आयपीएस धापा टाकतो, हार्टबीट उशिरा येतं, लगेच बायपास, परत इनलाइन, परत बायपास, आणि मेलबॉक्स ट्रॅपने (डब्याच्या अलर्ट मेसेजनी) भरला. आमच्याकडे 250 आणि चार मिस बरोबर बसलं, इनलाइनला परत यायचा काउंट (त्याआधी किती हार्टबीट नीट यायला हवीत तो आकडा) मात्र मुद्दाम मोठा ठेवलाय. हार्टबीट दोन्ही दिशांनी चालू करा. हार्टबीटची डिफॉल्ट फ्रेम आयपीएक्स या जुन्या नेटवर्क प्रोटोकॉलची आहे, काही आयपीएस अनोळखी म्हणून ती गिळतात, मग पॅकेट बदलून आयपीएसमध्ये त्याला अलाव करावं लागतं.

आणि हार्टबीट हिरवं म्हणजे आयपीएस तपासतोय असं अजिबात नाही हां! आतलं इंजिन बंद पडून तो सगळंच आरपार सोडत असेल तरी पॅकेट आरामात परत येतं. म्हणून ट्रॅफिक मॉनिटरिंग बघायचं, आयपीएसकडे किती फ्रेम गेल्या आणि किती परत आल्या. रोज थोडा फरक पडतो, कारण तो काहीतरी ब्लॉक करतोच, तो फरक एकदम शून्य झाला की उठून बघा.

इथेच माझी तक्रार. युटिलायझेशनचा (लिंक किती टक्के भरली त्याचा) अलार्म 80 टक्क्यांवर लावला तर 79-81 मध्ये हेलकावे खाताना दर वेळी नवा सिसलॉग (लॉग सर्व्हरला जाणारा मेसेज) पाठवतो, खाली उतरायची वेगळी मर्यादा द्यायची सोयच नाही. सपोर्टवाले म्हणतात पुढच्या फर्मवेअरला बघू. तोवर आम्ही एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या डब्यांची माहिती वाचायचा प्रोटोकॉल) काउंटर ओढून ग्राफ बाहेरच काढतो.

फायबरवाला घेणार असाल तर मल्टिमोड की सिंगलमोड (फायबरचे दोन प्रकार) ते ऑर्डर देतानाच नक्की करा, आतला ऑप्टिकल स्विच नंतर बदलून मिळत नाही.